एका दिवशी एक खाडी

कोकणात गाडीने जायचं तर कधी जावं, यावर घरटी एक तज्ज्ञ असतो. कुणी मे म्हणतं, आंब्यासाठी. कुणी भर पाऊस म्हणतं, धबधब्यांसाठी. डिसेंबरवाले सगळ्यात जास्त, म्हणून तर नाताळात काशीदच्या किनाऱ्यावर वाळूपेक्षा चपला जास्त दिसतात. मला विचाराल तर आश्विन. गणपतीची धामधूम सरलेली, चाकरमानी परत गेलेले, दिवाळीची गर्दी अजून यायची. पाऊस गेला म्हणावं तर पुरता गेलेला नसतो, आणि आहे म्हणावं तर सकाळी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, असं लख्ख ऊन की डोळे बारीक करावे लागतात. खलाटीतलं, म्हणजे खालच्या सखल शेतांतलं, भात पिवळं पडू लागलेलं असतं. उकाडा असतो, हे आधीच सांगून टाकते. ऑक्टोबरचा उकाडा किनाऱ्याला अंगाला चिकटून बसतो. शरदाचं जे काही गारेगार वर्णन होतं ते घाटावर बसून केलेलं असावं.

यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत. घटस्थापना थेट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. माझं पहिलं म्हणणं होतं की पितृपक्षातच निघू. खोल्या रिकाम्या, भाव उतरलेले, रस्त्यावर एसटी आणि आपण. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “अगं, म्हाळाच्या दिवसांत कुणाच्या दारात जेवायला जाणार आहेस? घराघरात वाडवडिलांची पानं वाढलेली असतात, त्यात तुझं कुठे मांडायचं?” आईंचं माहेर गुहागरकडचं. त्यामुळे कोकणाच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा, निदान गुहागरपर्यंत तरी. घट थोरल्या दिरांकडे बसतात, तेव्हा आमचं घर नवरात्रात अडकून पडत नाही. मग ठरलं. तृतीयेची सकाळ अलिबागला, दसरा गुहागरला आईंच्या भावाकडे, आणि कोजागिरी मालवणच्या अलीकडे-पलीकडे जिथे असू तिथे.

तोवर हस्त संपून चित्रा लागलेल्या असतात. हवामान खात्याच्या तक्त्यात मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. तक्ता तक्त्याच्या जागी आणि ढग ढगांच्या, हे मान्य. पण परतीच्या पावसाला एक शिस्त असते. तो सकाळी सहसा येत नाही. दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढायला लागतात, तीन-चारला पूर्वेकडून काळं होऊन येतं आणि विजा कडाडत तास-दीड तास झोडपून जातं. उघड्या सड्यावर, जिथे मैलभर आपल्याहून उंच काही नसतं, तिथे त्या वेळी असू नये. म्हणून गाडी चालवायची ती सकाळी. तीननंतर ओटी, चहा आणि पत्रे वाजतात ते ऐकणं. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला बुडतो, आणि रात्री त्या वळणांवर दिवे डोळ्यांत घालणाऱ्या डंपरशी गाठ घ्यायची काही गरज नाही.

आता रस्ता. नकाशावर सागरी महामार्ग ही एक सलग रेघ आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, रेवस ते रेड्डी ही कल्पना पुढे आली. साधारण पाचशे किलोमीटर. प्रत्यक्षात ती रेघ जागोजागी तुटते, आणि तुटते तिथे खाडी असते. सह्याद्री समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे आपल्या नद्या सगळ्या आखूड. पावसाळ्यात डोंगरावरून धावत येतात आणि शेवटच्या टप्प्यात ऐसपैस रुंद होतात. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी. कुठे पूल आहे, कुठे जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या चार ठिकाणी गाडी बोटीत घातल्याशिवाय किनाऱ्याने पुढे जाता येत नाही. बोट नको असेल तर खाडीच्या टोकापर्यंत आत वळसा घालायचा, पूल गाठायचा आणि तेवढंच परत समुद्राकडे यायचं.

नवऱ्याचा पहिला आराखडा गावांवर बेतलेला होता. मुरूड, दापोली, गणपतीपुळे, मालवण. गावं धरली की मधले किलोमीटर येतात, किलोमीटर आले की ताशी किती हा हिशोब येतो, आणि तो आला की कुठेतरी कुणीतरी “चला, उशीर होतोय” म्हणायला लागतं. सुट्टीवर! मी म्हटलं, गावं सोडून देऊ. खाड्या धरू. एका दिवशी एकच खाडी ओलांडायची. ओलांडून पलीकडे गेलो की त्या दिवशीचं काम झालं. पुढची खाडी दिसायच्या आत मुक्काम. कधी हे अंतर तीस किलोमीटर भरेल, कधी सत्तर. त्याची चिंता नकाशाने करावी. मला तर वाटतं की कोकणाची खरी मोजणी हीच आहे. खाडीच्या अलीकडच्या माणसाचा बाजार, दवाखाना, सोयरीक अलीकडे असते आणि पलीकडच्याची पलीकडे. बाणकोटच्या खाडीच्या उत्तरेला रायगड जिल्हा, दक्षिणेला रत्नागिरी. दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांचे दिवे रोज बघतात, पण एकाचं जिल्ह्याचं काम अलिबागला आणि दुसऱ्याचं रत्नागिरीला.

नियम झाला की अपवाद आलाच. रेवदंड्याला साळावचा पूल आहे, तो कळायच्या आत मागे पडतो. त्याला आम्ही अर्धी खाडी धरली आहे. दक्षिणेकडे जैतापूर, विजयदुर्ग या बाजूला तर खाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ की नियम पाळायचा तर दिवसाला वीस किलोमीटरही होणार नाहीत. नवरा म्हणाला, तिथे सूट घेऊ. घेऊ.

भरती-ओहोटीचं गणित आईंकडे आहे. त्यासाठी त्यांना मोबाइल लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तेवढ्याच वेळेला पुन्हा रात्री किंवा पहाटे. भरतीपासून साधारण सहा तास पुढे-मागे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमाराला, आणि अमावास्या नुकतीच झालेली असल्याने पाणी चांगलं मागे गेलेलं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायला याहून सोयीची वेळ नाही. म्हणून तर तृतीया. ओल्या वाळूतून, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जायचं, आत गोड्या पाण्याची विहीर आणि आंग्र्यांच्या काळचं गणपतीचं देऊळ बघायचं, आणि पाणी वळायच्या आत परत. अर्थात तिथे गेल्यावर कोळ्यांना विचारायचं ते विचारायचंच. पाऊणपट ही घरातली गोष्ट आहे, वाळू त्यांची.

ठाण्याहून अलिबागला जायला मुंबई-गोवा महामार्गाचं नाव काढायचं नाही, यावर मात्र आमच्यात पहिल्या मिनिटाला एकमत झालं. 2011 पासून ज्याचं रुंदीकरण चालू आहे त्या रस्त्यावर सुट्टीची सुरुवात करायला फार मोठं मन लागतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट तासाभरात पलीकडे. आई दोन्हीकडच्या कठड्याला एकदा तरी उभ्या राहणारच, तेव्हा त्यांची जागा मधे धरायची नाही.

मुरूडला राहायचं नाही, जंजिरा या वेळी रस्त्यावरूनच. आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, आणि आईंना शिडाच्या बोटीतून किल्ल्याच्या दारात उडी मारायला लावणं मला झेपणार नाही. आगरदांड्याहून दिघी, आणि मग मला ज्याच्यासाठी ही सगळी यातायात करायची आहे तो रस्ता: दिवेआगरहून आरावी, शेखाडी करत श्रीवर्धन. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, मधे गाडीपुरती जागा. समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने मागे जायचं असतं आणि ते कधीही एसटीने नसतं.

या पट्ट्यात 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं. त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही तिथून गेलो होतो, तेव्हा वाड्यांमधून आकाश दिसत होतं. हे वाक्य कोकणाबाहेर काही सांगत नाही, म्हणून थोडं थांबते. श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी म्हणजे वर नारळ, खाली सुपारी, तिच्या खोडावर मिरीचे वेल, तळाला केळी आणि जायफळ. चिऱ्याच्या गडग्याच्या आत पाऊल टाकलं की भर दुपारी संध्याकाळ होते. त्या वेळी गडग्याच्या आत रखरखीत ऊन होतं. पोफळी एकाच दिशेला, एकीवर एक, आडव्या. त्या घरच्या आजोबांनी रोपं लावायला घेतली होती. म्हणाले, “सुपारीला सात-आठ वर्षं धरा. मी धरतोय.” त्या हिशोबाने पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी सुपारीची पहिली शिपुटं लागायला हवीत. तिथे थांबायचं आहे. आजोबा आहेत का, हे मी फोनवर विचारलेलं नाही.

फोन बाकी सगळीकडे करावे लागतात. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत आयत्या वेळी जाऊन बसलं की मिळतं ते पोहे. जेवायचं तर सकाळी नाही, आदल्या दिवशी सांगायचं. केळशीच्या एका काकूंशी परवा बोलले.

“तिघंजण आहोत. शाकाहारीच, नवरात्र आहे.”

“किती वाजता पोचाल?”

“दुपारी.”

“दुपारी म्हणजे साडेबारा का अडीच? साडेबाराला येणार असाल तर मोदक उकडायला ठेवते. अडीचला आलात तर उकडलेले खाल.”

“साडेबारा.”

“आणि खालच्या रस्त्यानं येऊ नका, साकवाचा कठडा गेलाय श्रावणात. वरनं या. चिबूड ठेवू का एक? संपत आलेत.”

चिबूड ठेवा म्हटलं. ज्यांनी तो कापताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: पिकलेला चिबूड स्वतःहूनच तडकतो, त्या भेगेवर बोट ठेवलं की आत जातं. सुरी नावाला. घरात कुठेही असलात तरी कळतं की कापला. मग बिया काढायच्या, गर चमच्याने खरवडायचा, त्यात गूळ आणि ओलं खोबरं, वर किंचित मीठ. पुण्या-मुंबईच्या बाजारात येतो तो वाटेत हाताळून हाताळून दमलेला असतो.

केळशीच्या आधी बाणकोटची खाडी. बागमांडल्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते आणि रांगेत उभं राहून करायचं काही नसतं, हेच तिचं सुख. बोट येते, पुढची लोखंडी फळी सिमेंटच्या उतारावर कर्रर्र करत टेकते. पलीकडून आलेले आधी उतरतात: दुचाक्या, मग रिक्षा, मग बर्फाच्या पेट्या गळत असलेला टेम्पो. मग एक खलाशी, पायात काही नाही, आपल्याला बघून हातवारे करतो आणि बहुतेक वेळा गाडी उलटी चढवायला लावतो, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. आरशात बघायचं नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. “मारा, मारा, मारा… बास!” आणि दरवाजा उघडायला वीतभर जागा उरलेली असते. पूर्ण ओहोटीला उतार लांब आणि शेवाळी होतो, खाली बसक्या गाडीची पुढची बाजू घासते; म्हणून शक्यतो पाणी चढतं असताना चढायचं. पाऊणपट इथेही कामाला येते.

पाण्यात वर्षानुवर्षं अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत. आता सागरी महामार्गाचं काम नव्याने घेतलंय, मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. जंगलजेटीत उभं राहून “पूल नकोच, ही मजाच वेगळी” असं म्हणणारे भेटतात. ते सगळे माझ्यासारखे रविवारी परतणारे. वेश्वीच्या माणसाला रात्री दोन वाजता कुणाला तरी घेऊन पलीकडे जायचं असतं तेव्हा बोट बंद असते. पूल व्हावेत, लवकर व्हावेत. आमची घाई एवढीच, की ते व्हायच्या आत एकदा आईंना बोटीतून न्यावं. कारण त्या लहानपणी दाभोळची खाडी होडीतून ओलांडायच्या, आणि वाशिष्ठीवरून गाडीत बसून जायचं हे त्यांना अजून पटलेलं नाही.

हर्णैला गंमत होणार आहे. बंदरात संध्याकाळचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून हंगाम भरात आलेला, पापलेट-सुरमईच्या राशी वाळूवर, आणि आम्हा तिघांचं नवरात्र. बघायचं, भाव ऐकायचे, आणि परत येऊन कुळथाचं पिठलं खायचं. नवऱ्याने सुचवलं की हर्णै दसऱ्यानंतर घेऊ, मार्ग उलटा करू, रेड्डीहून वर येऊ. हा विचार निव्वळ पापलेटावर आधारलेला असल्याने बारगळला. दसऱ्याला मामांकडे तोंड उघडेल, पुढे रत्नागिरी, देवगड, मालवण सगळं पडलेलंच आहे.

गुहागरला किती दिवस ते लिहिलेलंच नाही. माहेर आहे. तिथून निघायची तारीख आई सांगतील तेव्हा कळेल.

तवसाळहून जयगडला उतरल्यावर गणपतीपुळ्याला दुरून नमस्कार. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिथे गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा आरे-वारेच्या वळणावर उभं राहिलेलं बरं. रत्नागिरी एका रात्रीपुरती, कपडे धुवायला. मग पावस, पूर्णगड, आणि कशेळी. कशेळीला दोन कारणं आहेत. एक कनकादित्याचं देऊळ. दुसरं सड्यावरचं कातळशिल्प, जांभ्यात कोरलेला हत्ती, सुमारे अठरा मीटर लांब. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा काही जागा आणि गोव्यातली एक मिळून 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. हत्तीच्या पोटात इतर प्राणी कोरलेत: मासे, पक्षी, चौपायी जनावरं. कुणी, कधी, कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून चालू आहे. सप्टेंबरात त्याच सड्यावर गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात. आम्ही जाऊ तेव्हा गवत पिवळं पडून भुरभुरत असेल. फुलं आणि हत्ती दोन्ही एकाच खेपेला नीट बघायला मिळत नाहीत. आम्ही हत्ती निवडला.

विजयदुर्गावर मी दर वेळी मनातल्या मनात भांडते. तिथे सूर्यग्रहण बघायला बांधलेले म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची सावली याच बाजूने विजापूर, गुंटूरकडे गेली, हे खरं. पण ज्या दोन खगोलशास्त्रज्ञांना या शोधाचं श्रेय देतात त्यांपैकी फ्रेंच जान्सेन तेव्हा गुंटूरला होता, आणि इंग्रज लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा टिपली ती ऑक्टोबरात, इंग्लंडमधून. शिवाय ऑगस्टात कोकणात सूर्य दिसणं हीच मुळात बातमी. किल्ल्याला या उसन्या गोष्टीची गरज काय? पाण्याखाली भिंत आहे, तिहेरी तटबंदी आहे, आंग्र्यांचं आरमार इथून निघत होतं. तेवढं एका गडाला पुष्कळ झालं. नवऱ्याला हे सगळं पाठ आहे. तो त्या वेळी चहा घ्यायला जातो.

त्यापुढचं मी फार बांधलेलं नाही. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण, वेंगुर्ला. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद असते, तोवर चालू झालेली असेल. कोजागिरीला कुठल्यातरी लहान गावात असावं एवढीच माझी मागणी आहे, कारण कोकणात ती नव्याची पुनवही असते. नवीन भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं एकत्र करून दाराला नवं बांधतात. तोवर लवकर पिकणारं हळवं भात कापून झालेलं असतं, उशिराचं गरवं अजून उभं. रस्त्याच्या कडेला भारे, आणि कुठे कुठे रस्त्यावरच ताडपत्रीवर वाळत घातलेलं भात. तिथे गाडी पायी चालवल्यासारखी चालवायची.

परतीचं मात्र एकमत नाही. नवऱ्याला आंबोली चढून आजऱ्यावरून जायचंय, रस्ता ऐसपैस आहे म्हणून. आईंना फोंडाघाट हवा, कारण वाटेत राधानगरी. मला करूळचा घाट चढून गगनबावड्याला थांबायचंय, धुकं मिळालं तर. तिन्ही रस्ते शेवटी कोल्हापूरलाच मिळतात आणि अंबाबाईचं दर्शन तिघांनाही हवं आहे, तेव्हा भांडण फक्त चढाचं आहे. ते रेड्डीला पोचल्यावर करू. तोवर गाडीचे ब्रेक पॅड बदलून घ्यायचे आहेत, आणि वेश्वीकडच्या धक्क्यावर फोन करून सकाळची दुसरी फेरी नक्की किती वाजताची, ते विचारायचं आहे.